ज्याची खूण त्याची गोळी

तांडेल एकटे कधी खात नसत. आमच्या मेडिकलमध्ये औषध घ्यायला आले तरी आधी काउंटरवर शेंगदाण्यांची पुडी उघडायची, मला द्यायचे, दुकानाच्या शेठना द्यायचे, मग मागे रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसांना वाटायचे आणि उरलेले स्वतःच्या तोंडात टाकायचे, असा त्यांचा क्रम होता. पाळी सुटून कारखान्यातून आलेला एखादा परप्रांतीय कामगार संकोचून हात मागे घ्यायचा. तांडेल त्याचा हात धरून त्यात दाणे ठेवत आणि म्हणत, "ले रे, जहर नहीं है." मग तोही हसून खायचा.

ते किनाऱ्यावरच्या मुरब्याचे. सहा माणसांच्या होडीचे प्रमुख, म्हणून तांडेल. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यांचं नाव असायचं आणि मी ते दर खेपेला वाचायचे, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. साठी उलटली तरी छाती रुंद आणि आवाज असा, की बोईसरच्या आमच्या भररस्त्यावरच्या दुकानात त्यांना "जरा हळू" म्हणावं लागे. माझे वडील वीजकेंद्रात नोकरीला म्हणून जळगावकडून इकडे आलेले. मी वाढले कॉलनीत, आणि मासा ताटात आला की त्याचे काटे मोजत बसणारी. तांडेलांना याची फार गंमत वाटे. "बाय, तुला बोंबील साफ करता येत नाय, आन् तू माणसांना दवा देतेस," असं ते चारचौघांत म्हणत, आणि पुढच्या खेपेला साफ केलेल्या सुक्या बोंबलांची जुडी आणून देत.

होडीवर जेवायला एकच मोठी परात असते, हे मला त्यांनीच सांगितलं. आठ-दहा दिवस पाण्यात काढायचे, तर भात त्या परातीत ओतायचा, वर कालवण, आणि सहा हात एकदम आत. तांडेलाला वेगळं ताट नाही. कुणी आपल्यापुरता लाडू जरी घरून आणला तरी तो फोडून सहा जणांत जायचा. "जो एकटा खातो, त्याला लाट एकट्यालाच गाठते," असं ते म्हणत. हे होडीवरचं शास्त्र होतं, आणि तांडेलांनी ते जमिनीवर येतानाही कधी खाली उतरवून ठेवलं नाही.

ते पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा उजव्या पायातली रबरी चप्पल पुढून कापलेली होती. अंगठ्याला काही लागू नये म्हणून त्यांनी ती स्वतःच सुरीने कापली होती. अंगठा लाल, सुजून तकतकीत. "चादर लागली तरी जीव जातो, बाय. ती दुखायची लाल गोळी दे, जास्तीची." मी चिठ्ठी मागितली. ते म्हणाले, "तू दवा इकतेस का पोलीस चौकी चालवतेस?" आणि शेंगदाणे न वाटता निघून गेले. पुढे वर्षभर ती लाल गोळी ते कुठून कुठून घेतच राहिले. शेवटी पालघरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तेव्हा कळलं की हा गाऊट आहे, रक्तातलं युरिक ॲसिड वाढून सांध्यात साचतंय, आणि त्या लाल गोळ्यांनी मूत्रपिंडांनाही धक्का पोचलाय. दुखणं बरं करायला गेले आणि आगीतून फुफाट्यात पडले, अशी गत.

डॉक्टरांनी त्यांना युरिक ॲसिड खाली आणणारी रोजची गोळी सुरू केली, अ‍ॅलोप्युरिनॉल. सुरुवात अगदी लहान मात्रेने, मग रक्त तपासून थोडी वाढवायची, पुन्हा तपासायचं, पुन्हा थोडी. ती चिठ्ठी घेऊन ते पुन्हा आमच्याकडेच आले. मी तेव्हा नोकरीत तशी नवीच होते आणि हुशारी दाखवायची मला भारी हौस होती. मी त्यांना समोर उभं करून नीट समजावलं. ही दुखणं थांबवायची गोळी नाही, दुखण्याचं मूळ काढायची आहे. पहिले काही महिने अंगठा उलट जास्त वेळा दुखून उठेल, वाटेल की औषध उलटलं. "पण तांडेल, दुखणं वाढलं तरी गोळी मध्येच सोडायची नाही."

"दुखणं वाढलं तरी मधीच सोडाची नाय," त्यांनी म्हणून दाखवलं. लिहिण्यावाचण्याशी त्यांचं फारसं जमलं नव्हतं, पण ऐकलेलं ते विसरत नसत. किनाऱ्यापासून कुठे किती खोल खडक आहे हे त्यांना बापाने तोंडी सांगितलेलं, आणि ते आयुष्यभर पुरलं. माझं वाक्यही त्यांनी तसंच मनात ठेवलं. दोनदा अंगठा उठला, त्यांनी गोळी सोडली नाही. वर्षभरात चपलेचा नवा जोड घालून आले, न कापलेला, आणि काउंटरवर पाय वर करून मला दाखवला. शेठ ओरडले. मला मात्र परीक्षेत पहिली आल्यासारखं वाटलं.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं, डोळे लाल झाले, ताप आला, तर त्याच दिवशी गोळी बंद करायची आणि डॉक्टर गाठायचा. असं फार क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. मी ते का सांगितलं नाही, याची तीन कारणं मी स्वतःला पुष्कळदा दिली आहेत. त्या संध्याकाळी दुकानात पाळी सुटल्याची गर्दी होती. दुसरं म्हणजे, असं काही ऐकलं तर ते घाबरून गोळी घेणारच नाहीत असं मला वाटलं. आणि तिसरं म्हणजे, डॉक्टरांनी सांगितलंच असेल. तिन्ही कारणं खरी आहेत आणि तिन्हींचा काही उपयोग नाही. स्वतःची गोळी दुसऱ्याला देऊ नका, हेही मी म्हणाले नव्हते. मोठ्या माणसाला ते काय सांगायचं, असं मला वाटलं होतं.

जान्या हा त्यांच्या होडीवरचा खलाशी, वाणगावच्या आतल्या पाड्यावरचा. चाळिशीचा, काटक, कमी बोलणारा. तांडेलांबरोबर त्याने पंधरा हंगाम काढले होते आणि ते दुकानात आले की तो बाहेर बाकावर त्यांची पिशवी सांभाळत बसलेला असे. शेंगदाण्यांचा पहिला वाटा त्याचा. त्या हंगामात दोराला अडखळून त्याचा घोटा सुजला, हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच, की एका दुपारी तांडेल त्याचा दंड धरून दुकानात आले. जान्याच्या तोंडावर पंचा होता.

"बाय, याला उन्हाची ॲलर्जी झाली. एखादं मलम दे," तांडेल म्हणाले.

मी पंचा बाजूला करायला सांगितला. ओठ फुटून त्यांवर रक्त साकळलेलं. डोळे लालभडक, पापण्या चिकटलेल्या. मानेवर जिथे पंचा घासला होता, तिथली कातडी सुटून आली होती. "काय खाल्लंय यानं?" मी विचारलं.

"आमी सगल्यांनी खाल्लं तेच."

"गोळी कुठली दिलीत?"

"माजी." त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता, तो मला आजही ऐकू येतो. "तंगडी सुजलेली त्याची. माज्या अंगठ्याला गुण आला, मंग त्याला नको? रोज सकाळी मी एक खाल्ली, त्याला एक दिली. तीन आठवडं झालं. परवा ताप आला, तवा तो सोडतो म्हणत होता. मीच सोडू दिली नाय." मग त्यांनी माझ्याकडे बघून, धडा म्हणून दाखवावा तसं म्हटलं, "दुखणं वाढलं तरी मधीच सोडाची नाय."

शेठनी माझा चेहरा पाहिला, शटर अर्धं ओढलं आणि दोघांना स्वतःच्या गाडीत घालून आधी इथल्या, मग तिथून पाठवलं त्या मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. महिनाभराहून जास्त जान्या तिथे होता. भाजलेल्या माणसाला ठेवतात तसं त्याला ठेवलं होतं. पहिले दहा दिवस तो राहील की जाईल, हे कुणी सांगायला तयार नव्हतं. तांडेलांना पायरीपायरीने महिनोनमहिने चढवलेली मात्रा जान्याच्या अंगात पहिल्याच दिवशी गेली होती. आणि त्याला गाऊट नव्हताच. तिथल्या डॉक्टरांनी तांडेलांना समोर बसवून सांगितलं, की घोटा नुसता मुरगळला होता, चार दिवस पाय वर ठेवून बसला असता तरी उतरला असता.

जान्या वाचला. डाव्या डोळ्याची नजर मात्र गेली.

त्यानंतर तांडेल दुकानात यायचे बंद झाले. मी काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला फोन केला, तेव्हा कळलं की त्यांनी स्वतःची गोळी सोडली आहे. अंगठा पुन्हा सुजला होता. आता घोटा आणि गुडघाही धरला होता, आणि ते परत त्या लाल गोळ्यांवर आले होते. पालघरच्या डॉक्टरांनी काकींना बजावलं होतं, की मूत्रपिंडं अशीच खाली गेली तर या माणसाला यंत्राला जोडावं लागेल. काकी म्हणाल्या, "आमचं ऐकत नाय. तू सांगून बघ. तुजं ऐकतात." माझं ऐकतात, म्हणूनच तर हे सगळं झालं होतं. पण रविवारी मी मुरब्याला गेले.

काकी बांबूंवर बोंबील वाळत घालत होत्या. तांडेल ओट्यावर बसले होते, पाय पालथ्या क्रेटवर. शेजारी चपलेचा नवा जोड होता, त्यातली उजवी पुढून कापलेली. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जान्या काळा चष्मा लावून जाळं शिवत होता. तोही त्याच सकाळी पाड्यावरून आला होता. त्याच्या हातांवर नवी कातडी आली होती, ठिकठिकाणी फिकट.

मी उभ्या उभ्याच ते तेव्हा न सांगितलेलं दुसरं वाक्य सांगून टाकलं. पुरळ, ताप, तोंड येणं, डोळे, लगेच बंद, लगेच डॉक्टर. तांडेल शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"हे तवा का नाय सांगितलं?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"चुकले," मी म्हणाले. तिन्हींतलं एकही कारण मला तिथे उच्चारता आलं नाही.

तांडेल म्हणाले, "तू अर्धं सांगितलंस. मी तेवडं पुरं पोचवलं. दोघांनी मिलून केलं, आन् भोगलं यानं." मग पायाकडे बघत म्हणाले, "आता मना ती गोळी गिळवत नाय, बाय. हातात घेतली की याची मान दिसते. ज्यानं याचं कातडं सोललं, ते मी माज्या सुखासाठी कसं खाऊ?"

मी सांगू लागले की ती त्यांच्यासाठी औषधच आहे, त्यांना ती दीड वर्ष सोसली आहे, सोडली तर मूत्रपिंडं जातील. शहाण्यासारखी वाक्यं होती सगळी. ती ऐकताना तांडेल समुद्राकडे बघत होते.

जान्याने जाळं खाली ठेवलं. "तांडेल," तो म्हणाला, "दर्यात दुसऱ्याचा बोया दिसला, त आपण काय करतो?"

"काय करतो म्हंजे? होडी बाजूनं घेतो."

"कशाला?"

"त्याची खूण हाय. जाळं त्याचं."

"मंग?" जान्या म्हणाला. "गोळी तुमची व्हती. तुमी दिली, मी उचलली. उचलाची नव्हती. पन एकानं चुकून तुमचं जाळं उचललं, म्हनून तुमी तुमचं जाळं दर्यात सोडून येनार काय?"

जान्याच्या तोंडून मी एका दमात एवढी वाक्यं कधी ऐकली नव्हती. बोया म्हणजे जाळं कुठे टाकलंय ते दाखवणारा तरंगता गोळा. प्रत्येक होडीचे बोये आपल्या रंगाचे असतात, आणि भुकेने मरायची पाळी आली तरी इकडचा माणूस दुसऱ्याच्या रंगाला हात लावत नाही. हे शास्त्र तांडेलांना परातीच्या शास्त्राइतकंच पाठ होतं. दोन्ही त्यांनी लहानपणापासून पाळली होती. गोळी कुठल्या शास्त्रात बसते, एवढंच त्यांचं चुकलं होतं. आणि ते सांगावं कुणी, तर ज्याचं सगळ्यांत जास्त गेलं त्याने. तांडेल रडले. मीही रडले. काकी आमच्याकडे पाठ करून बोंबील घालत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले. इतके महिने खंड पडल्यावर पूर्वीच्याच मात्रेला उडी मारायची नाही, असं म्हणून डॉक्टरांनी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. लाल गोळी कायमची बंद. तांडेलांनी कुरकुर केली नाही. जान्याने एका पत्र्याच्या डबीला त्यांच्या होडीच्या बोयाचे रंग दिले, अर्धी लाल, अर्धी पिवळी. आणि पुढच्या हंगामात होडीवरच्या प्रत्येकाची अशी आपापल्या रंगाची डबी झाली. कुणाची रक्तदाबाची, कुणाची साखरेची, कुणाची नुसती रिकामी. "परात एक, डब्या सहा," तांडेल सांगत. जान्याच्या डबीत गोळी नव्हती, एक कार्ड होतं. हॉस्पिटलाने दिलेलं, हे औषध या माणसाला पुन्हा कधीही द्यायचं नाही असं लिहिलेलं. ते त्याने प्लॅस्टिकमध्ये घालून घेतलं होतं.

तांडेल दुकानात पुन्हा येऊ लागले. शेंगदाणे वाटणं चालू राहिलं. "जहर नहीं है" मात्र मी पुन्हा कधी ऐकलं नाही. नवीन एक खोड त्यांना लागली होती, ती माझ्याच गळ्यात पडली. मी कुणालाही औषध देत असले, की ते काउंटरला टेकून कान देऊन ऐकत, आणि मी थांबले की म्हणत, "बाय, दुसरं सांग." गोळी कशी घ्यायची ते पहिलं. कधी थांबवायची, आणि ती कुणाची आहे, ते दुसरं. गर्दीच्या वेळी मला याचा रागही यायचा. एकदा मी चिडून म्हणाले, "तांडेल, ही नुसती खोकल्याची बाटली आहे." ते म्हणाले, "मंग खोकल्याचं दुसरं सांग." मी सांगितलं. रांगेतली बाई म्हणाली, बरं झालं, हे मी धाकटीला पण देणार होते.

त्यांचा अंगठा पुढे उठला तो एकदाच, आणि तेव्हाही ते डॉक्टरांकडे गेले, कुठल्या दुकानात नाही. मूत्रपिंडं होती तिथे टिकली. यंत्राला जोडायची वेळ आली नाही. होडी पुतण्याकडे गेली, तरी रोज सकाळी ते बंदरावर जाऊन बसायचे, पायात सबंध चप्पल घालून.

मागच्या पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, ते गेले. सकाळी चहा घेतला, गोळी घेतली, ओट्यावर बसले आणि बसल्या जागी मान टेकवली. मला त्याच दुपारी कळलं. मी गेले. पण खरं सांगायचं तर तिथल्या गर्दीत मला काहीच जाणवलं नाही.

जाणवलं ते तेराव्यानंतर. जान्या एकटा दुकानात आला. लाल-पिवळी डबी त्याने काउंटरवर ठेवली आणि उघडली. आत गोळ्यांची अर्धवट वापरलेली पट्टी होती. ते गेले त्या सकाळपर्यंतचं गोळीचं प्रत्येक घर फोडलेलं होतं, एकही मधलं सुटलं नव्हतं.

"उरलेल्या परत घ्या," जान्या म्हणाला. "तांडेलानी सांगून ठेवलेलं. मी गेलो की ह्या बायला नेऊन दे. घरात राहिल्या त कोनी तरी चांगल्या मनानं कोनाला तरी देल."

मी पट्टी घेतली आणि त्याच्या समोरच गोळ्या टाकून द्यायच्या औषधांच्या खोक्यात टाकल्या. डबी त्याच्या हातात परत दिली. त्याने ती खिशात ठेवली, दुसऱ्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि शेंगदाणे वाटले. मला, शेठना, रांगेतल्या माणसांना. रांगेत पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, हातात गुडघेदुखीची चिठ्ठी. मी डोळे पुसले, त्यांच्या गोळ्या काढल्या, जेवणानंतर एक, भरपूर पाणी, असं सांगितलं आणि पिशवी पुढे केली.

जान्या काउंटरला टेकून उभाच होता. त्याचा चांगला डोळा माझ्याकडे होता.

मी पिशवी परत माझ्याकडे ओढली आणि त्या गृहस्थांना दुसरं सांगितलं.